गूगलच्या वतीने हमी देणारे आम्ही कोण?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या छोट्या जाहिरातींच्या स्तंभात ‘तीन महिन्यांत गूगलवर पहिला क्रमांक, अन्यथा पैसे परत’ अशा आशयाच्या जाहिराती अलीकडे वरचेवर दिसतात. मी कोल्हापुरात सर्च इंजिन ऑप्टिमायझेशनचा, म्हणजे वेबसाइट गूगलच्या निकालांत वर दिसावी म्हणून करायच्या आणि बोलताना सगळे ज्याला एसईओ म्हणतात त्या कामाचा, सल्लागार म्हणून व्यवसाय करतो. तेव्हा या जाहिराती माझ्या स्पर्धकांच्या आहेत आणि त्यांच्याविरुद्ध लिहिण्यात माझा स्वार्थ आहे, हे आधी सांगून टाकतो. परंतु माझे म्हणणे जाहिरातीपुरते नाही. जाहिरात पाहून उद्योजक फोन करतो आणि त्यानंतर त्याच्या हातात जो कागद पडतो, ज्याला आमच्या व्यवसायात ‘प्रपोजल’, म्हणजे प्रस्ताव, म्हणतात, तो कागद कसा लिहिला जातो आणि कसा वाचला जातो याविषयी मला लिहायचे आहे. कारण फसवणूक होते ती त्या कागदावर होते, आणि टाळायची असेल तर तीही तिथेच टाळता येते.

सल्लागार नेमू इच्छिणाऱ्यांसाठी गूगलने स्वतःच मार्गदर्शन प्रसिद्ध केलेले आहे. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही आणि गूगलशी आपले खास संबंध असल्याचे सांगणाऱ्यापासून सावध राहावे, असे त्यात स्पष्ट शब्दांत म्हटले आहे. नेहमीच्या निकालांत वर येण्यासाठी गूगल पैसे घेत नाही. पैसे देऊन जागा मिळते ती जाहिरातीची, आणि तिच्यावर ‘प्रायोजित’ अशी खूण असते. सुधारणा करून तिचा फायदा दिसू लागेपर्यंत बहुतेक वेळा चार महिने ते एक वर्ष लागते, असेही गूगलनेच सांगितलेले आहे. म्हणजे तीन महिन्यांची आणि पहिल्या क्रमांकाची हमी देणारा माणूस, ज्या कंपनीच्या वतीने तो बोलतो तिच्याच म्हणण्याच्या उलट बोलत असतो.

तरीही हमी दिली जाते आणि गंमत म्हणजे कागदोपत्री ती पाळलीही जाते. कोणत्या शब्दांवर पहिला क्रमांक मिळवून देणार, हे प्रस्तावात लिहायचेच नाही आणि काम मिळाल्यावर असे शब्द निवडायचे की जे कोणी शोधतच नाही, हा त्यातला सर्वांत रुळलेला प्रकार. ‘राजारामपुरीतील उत्कृष्ट दर्जेदार आणि विश्वासार्ह इंटिरिअर डेकोरेटर’ हे सात शब्द त्याच क्रमाने कोणीही माणूस मोबाइलवर टाइप करणार नाही. त्यामुळे त्यावर पहिले येण्यात काहीच अडचण नसते. काही जण दुकानाचे स्वतःचे नावच ‘कीवर्ड’, म्हणजे शोधायचा शब्द, म्हणून यादीत घालतात, आणि ज्या नावाचे जगात दुसरे दुकान नाही त्या नावावर ते दुकान पहिले येते. निकाल दाखवायचा तो मालकाच्याच मोबाइलवर, मालकाच्याच दुकानात उभे राहून. शोधणारा कुठे आहे यानुसार निकाल बदलतात, हे मालकाला माहीत नसते. याहून निर्ढावलेले लोक एसईओच्या नावाखाली घेतलेल्या पैशांतली थोडी रक्कम गूगलच्या जाहिरातीवर खर्च करतात, वर दिसणारी जाहिरात ‘आलो बघा पहिल्या नंबरला’ म्हणून दाखवतात आणि उरलेली रक्कम खिशात घालतात. पैसे परत मागायला गेलेल्या मालकाला प्रस्तावाचा कागद दाखवला की त्यात त्याच्या बाजूचे एकही वाक्य सापडत नाही.

दोष एकट्या सल्लागाराचा नाही. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतला कोणताही फौंड्रीवाला ड्रॉइंग पाहिल्याशिवाय कास्टिंगचा दर सांगत नाही. ग्रेड कोणता, नगाचे वजन किती, पॅटर्न कोणाचा, कोअर किती, मशिनिंग करून द्यायचे की नुसते कास्टिंग, रिजेक्शन कोणाच्या माथी, हे सगळे विचारल्याशिवाय तो कोटेशनवर सही करणार नाही. तोच मालक आम्हाला मात्र फोनवर विचारतो, ‘ते पानभर इंग्रजी राहू दे हो, महिन्याला किती घेणार तेवढं सांगा.’ मग तीन ठिकाणांहून आकडे मागवले जातात आणि सगळ्यांत कमी आकडा सांगणाऱ्याला काम मिळते. ज्याने काहीच पाहिलेले नाही तोच सर्वांत लवकर आणि सर्वांत स्वस्त आकडा सांगू शकतो, हे त्या मालकाला त्याच्या स्वतःच्या धंद्यात पक्के ठाऊक असते.

आमचेही एक ड्रॉइंग असते आणि ते फुकट मिळते. गूगलची ‘सर्च कन्सोल’ ही सेवा कोणत्याही वेबसाइटच्या मालकाला विनामूल्य उपलब्ध आहे. लोकांनी काय शोधले तेव्हा आपली वेबसाइट दिसली, कितीदा दिसली, कितीदा त्यावर क्लिक झाले, याची मागील 16 महिन्यांपर्यंतची माहिती तिथे पाहता येते, आणि कोणती पाने गूगलने आपल्या सूचीत घेतली आहेत, कोणती घेतलेली नाहीत आणि का, हेही कळते. मालकाने सल्लागाराला केवळ पाहण्यापुरता मर्यादित प्रवेश दिला तरी पुरते. त्यात काही बिघडवण्याची भीती नसते आणि काम दिले नाही तर तो प्रवेश काढूनही घेता येतो. हा प्रवेश न मागता जो सल्लागार प्रस्ताव पाठवतो, तो अंदाजपंचे लिहितो, असे मी निःसंकोच म्हणेन.

प्रवेश घेतल्यावर काय सापडते, याचे एक उदाहरण देतो. एका कारखान्याची वेबसाइट सुरू होऊन बरेच दिवस झाले होते, पण कारखान्याचे नाव टाकले तरी ती गूगलवर दिसत नव्हती. वर्डप्रेसवर वेबसाइट बनवताना ती अर्धवट अवस्थेत लोकांना दिसू नये म्हणून ‘सर्च इंजिनांनी ही साइट घेऊ नये’ अशा अर्थाच्या चौकटीत टिक करण्याची सोय असते. डेव्हलपरने ती टिक केली होती आणि काम पूर्ण झाल्यावर काढायची राहून गेली होती. टिक काढायला एक मिनिटही लागत नाही. त्यानंतर गूगलने पाने पुन्हा तपासून सूचीत घेण्याची वाट पाहायची, एवढेच. त्या मालकाकडे आधीच दुसऱ्या एकाचा प्रस्ताव येऊन पडला होता आणि त्यात दरमहा पाचशे बॅकलिंक (दुसऱ्या वेबसाइटवरून आपल्याकडे येणारे दुवे), दोनशे डिरेक्टरी सबमिशन (व्यवसायांच्या ऑनलाइन याद्यांत नोंदी) आणि वर्षाचा करार असे सगळे होते. नव्हता तो फक्त त्या टिक केलेल्या चौकटीचा उल्लेख. असा दोष सापडला की तो प्रस्तावात सरळ लिहून टाकावा आणि त्याचे पैसे घेऊ नयेत, असे माझे मत आहे. आमच्यातले काही जण म्हणतात की सगळेच आधी सांगितले तर मालक ते फुकटात करून घेईल आणि काम देणार नाही. घेईल की! एका मिनिटाच्या कामासाठी वर्षाचा करार करायला लावण्यापेक्षा ते बरे. सखोल तपासणी करायची असेल तर तिचा वेगळा, एकदाच घ्यायचा आकार प्रस्तावात लिहावा आणि तपासणीचा अहवाल मालकाच्या मालकीचा ठेवावा, म्हणजे पुढचे काम त्याला हवे त्याच्याकडून करून घेता येते.

तपासणीच्या नावाखाली जे रंगीत पीडीएफ वाटले जाते त्याचा याच्याशी काही संबंध नाही. एखाद्या टूलमध्ये वेबसाइटचा पत्ता टाकला की काही क्षणांत पन्नास-साठ पानांचा अहवाल तयार होतो. त्यात लाल वर्तुळात ‘हेल्थ स्कोअर’ असतो, खाली शेकडो ‘एरर’ असतात आणि वर सल्लागाराचा लोगो डकवलेला असतो. त्या ‘एरर’मध्ये अनेकदा ‘मेटा कीवर्ड्स नाहीत’ हाही एक असतो. क्रमवारीसाठी आपण हा टॅग, म्हणजे पानाच्या कोडमधली शब्दांची ही छुपी यादी, वापरत नाही, हे गूगलने सप्टेंबर 2009 मध्येच जाहीर केले आहे. तसेच ‘डोमेन ऑथॉरिटी’चे. वेबसाइट निकालांत किती वर येऊ शकेल याचा अंदाज सांगणारा हा आकडा मॉझ या खासगी कंपनीने आपल्या सोयीसाठी तयार केलेला आहे, गूगलचा नव्हे. तरी ‘तुमची ऑथॉरिटी 9 वरून 30 वर नेऊ’ असे वचन प्रस्तावात दिमाखाने छापलेले असते आणि मालक आनंदाने त्याचे पैसे भरतो.

आता वचन द्यायचेच तर कशाचे द्यावे? फौंड्रीचेच उदाहरण पुढे नेतो. पंपाचे केसिंग किंवा व्हॉल्वची बॉडी ओतून देणारा पुरवठादार शोधणारी माणसे मुळातच थोडी असतात. पुण्याच्या किंवा परदेशातल्या एखाद्या कंपनीच्या खरेदी विभागातला अधिकारी ते शब्द टाइप करतो आणि टूलमध्ये पाहिले तर त्या शब्दांचा महिन्याचा शोध नगण्य दिसतो. त्याउलट ‘कास्टिंग म्हणजे काय’ हे शोधणारे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी भरपूर असतात. ‘सहा महिन्यांत ट्रॅफिक दुप्पट’, म्हणजे वेबसाइटला भेटी दुप्पट, असे ज्याने प्रस्तावात लिहिले आहे, त्याला ते सिद्ध करण्यासाठी विद्यार्थ्यांना उपयोगी पडणारे चार लेख टाकले की झाले. ट्रॅफिक दुप्पट होते, आलेख वर जातो आणि कारखान्याला एकही चौकशी येत नाही. म्हणून अशा कारखान्यासाठीच्या प्रस्तावात मी भेटींचा आकडा लिहीत नाही. कोणत्या प्रकारच्या नगांसाठी स्वतंत्र पाने करायची, त्या प्रत्येक पानावर लोखंडाचे ग्रेड, एका नगाचे कमाल वजन, भट्टीची क्षमता, तपासणीसाठी स्पेक्ट्रोमीटर आहे की नाही, कोणती प्रमाणपत्रे आहेत आणि त्यांची मुदत कधीपर्यंत आहे, हे सगळे कसे मांडायचे, ते लिहितो. खरेदी अधिकारी हीच माहिती शोधत असतो. ‘आमच्या संकेतस्थळावर आपले स्वागत आहे’ हे वाक्य वाचायला तो आलेला नसतो.

यात एक बाब मात्र बहुतेक प्रस्तावांत नसते, आणि माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक कामे तिच्यापायीच रखडतात. ती माहिती देणार कोण? सल्लागाराला भट्टीची क्षमता माहीत नसते. ती माहीत असते कारखान्याच्या मॅनेजरला, आणि त्याला डिस्पॅचच्या गडबडीतून सवड नसते. म्हणून कारखान्यातली कोणती व्यक्ती माहिती देईल, लिहिलेला मजकूर किती दिवसांत तपासून परत देईल, फोटो कोण काढेल आणि हे वेळेत झाले नाही तर पुढच्या कामाचे वेळापत्रक कसे सरकेल, हे प्रस्तावात माणसाच्या हुद्द्यासह लिहिलेले असावे. मालकांना हा भाग वाचायला आवडत नाही, कारण पैसे देऊन वर कामही आपल्यालाच करावे लागते असे त्यांना वाटते. पण तसेच आहे, त्याला इलाज नाही. मार्च 2024 मध्ये गूगलने आपल्या स्पॅमविषयक धोरणात भर घालून, शोधनिकालांत वर येण्याच्या हेतूने घाऊक प्रमाणात तयार केलेला निरुपयोगी मजकूर हा नियमभंग ठरवला. मग तो यंत्राने लिहिलेला असो की माणसाने. ‘महिन्याला 60 ब्लॉग’ हे वाक्य कोणत्याही प्रस्तावात दिसले तर ते मालकाने या नजरेने वाचावे. घाऊक बॅकलिंकचेही तेच आहे. विकत घेतलेल्या आणि बनावट दुव्यांना चाप लावणारा गूगलचा पेंग्विन हा बदल एप्रिल 2012 मध्ये आला, तरी त्यांचे दरपत्रक आजही प्रस्तावाला जोडलेले असते.

काय करणार नाही, हे लिहिण्याचे धाडसही प्रस्तावात हवे. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळाले आणि जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने तशाच धाटणीच्या चपला दाखवल्यावर हे नाव जगभर चर्चेत आले. त्यानंतर आपल्याकडच्या चप्पल विक्रेत्यांना ‘हीच वेळ आहे, कोल्हापुरी चप्पल या शब्दावर तुम्हाला वर आणतो’ असे प्रस्ताव येऊ लागले. बातमी गाजते तेव्हा शोधणाऱ्यांतले पुष्कळ लोक बातमी वाचायला आलेले असतात, चप्पल घ्यायला नव्हे; आणि एरवी त्या शब्दावर मोठमोठ्या ऑनलाइन बाजारपेठा ठाण मांडून बसलेल्या आहेत, ज्यांच्याशी एका दुकानाच्या वेबसाइटने टक्कर घेण्यात अर्थ नाही. शिवाजी पुतळ्याजवळच्या किंवा आणखी कुठल्या दुकानदाराला मी लिहून देईन की हा शब्द सध्या सोडून द्या. कापशी चप्पल, रुंद पायाला कोणते माप घ्यावे, नवी चप्पल चावते तेव्हा काय करावे, पावसात भिजली तर कशी वाळवावी, परदेशी पाठवताना खर्च किती येतो, हे विचारणाऱ्या माणसाला उत्तर देणारी पाने करू, कारण ती उत्तरे चप्पल शिवणाऱ्या घराइतकी चांगली बाजारपेठेकडे नसतात. ‘जीआय’चा शिक्का वेबसाइटवर छापण्याआधी आपली अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झाली आहे का, हेही विचारून घ्यावे लागते, कारण त्या मानांकनालाही 1999 चा कायदा आहे.

अंबाबाईच्या देवळाच्या परिसरातल्या लॉजवाल्यांचा प्रश्न वेगळा, कारण त्यांचे गिऱ्हाईक वेबसाइटपेक्षा गूगलच्या नकाशावरून येते. नकाशावरचे निकाल कशावर ठरतात हे गूगलने सांगितलेले आहे: शोधलेल्या गोष्टीशी व्यवसाय किती जुळतो, शोधणाऱ्यापासून तो किती अंतरावर आहे आणि तो किती नावाजलेला आहे. यातले अंतर ब्रह्मदेवालाही बदलता येत नाही. ताराबाई पार्कातल्या हॉटेलला ‘मंदिराजवळचे हॉटेल’ म्हणून पहिले आणून दाखवतो, असे लिहिणारा प्रस्ताव फाडून टाकावा. हॉटेलच्या नावापुढे ‘मंदिराजवळील बेस्ट हॉटेल’ असे शेपूट जोडायला सांगणाराही तसाच. ते गूगलच्या नियमांविरुद्ध आहे आणि त्यापायी नोंद निलंबित होऊ शकते. विकतच्या पंचतारांकित अभिप्रायांविषयी तर बोलायलाच नको. एवढेच सांगतो की भारतीय मानक ब्युरोने 2022 मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी स्वतंत्र मानक प्रसिद्ध केलेले आहे. बाकी राहिला हंगाम. नवरात्रातल्या गर्दीसाठीचे काम उन्हाळ्याच्या सुट्टीतच हातात घ्यावे लागते. गणपती उठल्यावर आलेल्या मालकाला ‘यंदा जाहिरात करा, हे काम पुढच्या वर्षासाठी’ असे प्रस्तावात सांगणे भाग आहे, मग काम हातचे गेले तरी चालेल.

ज्याच्यासाठी प्रस्ताव लिहायचा त्याच्या व्यवसायाचे नियम माहीत नसले तर काय होते, याचे ताजे उदाहरण वकिलांचे आहे. ऑगस्ट 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आणि माझ्या परिचयातल्या वकिलांना ‘कोल्हापुरातील टॉप वकील’ म्हणून गूगलवर आणून देण्याचे प्रस्ताव येऊ लागले. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 36 नुसार वकिलांना व्यवसायाची जाहिरात करण्यास किंवा अशिले मिळवण्यासाठी प्रचार करण्यास मनाई आहे. 2008 च्या दुरुस्तीने वेबसाइटवर नाव, पत्ता, नोंदणी, शिक्षण आणि कामाचे क्षेत्र अशी मोजकी माहिती देण्याची मुभा मिळाली, एवढेच. असा प्रस्ताव जो वकील स्वीकारील त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई ओढवू शकते, आणि प्रस्ताव लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

कायद्याचा विषय निघाला आहे म्हणून आणखी थोडे लिहितो. भारतीय करार कायदा, 1872 च्या दुसऱ्याच कलमात सांगितले आहे की प्रस्ताव स्वीकारला गेला की त्याचे वचन होते. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येत खोट्या हमीचा उल्लेख आहे. तो जाहिरात देणाऱ्यांनी आणि, माफ करा, ती छापणाऱ्यांनीही वाचावा, आणि निदान ‘पहिल्या क्रमांकाची हमी’ हे शब्द असलेला मजकूर आपल्या जाहिरात विभागाने परत पाठवावा, अशी माझी विनंती आहे. मात्र व्यापारी हेतूने सेवा घेणारा सर्वसाधारणपणे त्या कायद्यातला ‘ग्राहक’ ठरत नाही. म्हणजे फसलेल्या कारखानदाराला ग्राहक आयोगाचे दार बहुधा बंद असते आणि त्याच्या हातात उरतो तो फक्त सही केलेला प्रस्ताव. जीएसटीचे 18 टक्के आकारात धरलेले आहेत की वेगळे, हेही त्यातच लिहिलेले असावे. आणि ज्याची नोंदणीच नाही त्याला जीएसटी आकारता येत नाही, हे मालकांनी ध्यानात ठेवावे.

परिणाम मोजायचा कसा, हे काम सुरू होण्याआधी ठरले पाहिजे. आपल्याकडे वेबसाइटवरचा फॉर्म भरणारी माणसे थोडी. बहुतेक जण नंबर पाहून फोन लावतात किंवा व्हॉट्सअॅपवर ‘रेट पाठवा’ असा संदेश टाकतात. म्हणून फोनच्या आणि व्हॉट्सअॅपच्या बटणावर झालेली क्लिक मोजण्याची सोय पहिल्याच महिन्यात करून द्यावी, आणि काउंटरवर एक वही ठेवून नव्या गिऱ्हाइकाला ‘कुठून कळलं?’ एवढे विचारून लिहून ठेवायला सांगावे. त्या वहीतून जे कळते ते कोणत्याही रंगीत आलेखातून कळत नाही. ऑगस्ट 2024 पासून गूगलने भारतातही शोधनिकालांच्या वर कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेली उत्तरे दाखवायला सुरुवात केली आहे. तिथेच उत्तर मिळाले की वाचक खालच्या दुव्यावर जाईलच असे नाही. म्हणजे क्रमांक तोच राहूनही क्लिक घटू शकतात, ही शक्यता आधी लिहून दिलेली बरी, नाहीतर सहाव्या महिन्यात त्यावरून वाद होतो. आता ‘एआयच्या उत्तरात तुमचे नाव आणून देण्याची हमी’ देणारेही निघाले आहेत. त्यांच्याविषयी वेगळे काही लिहिण्याची गरज वाटत नाही.

आणि हा सगळा प्रस्ताव मराठीत का असू नये? कारखान्याचा मालक बँकेची, एमआयडीसीची इंग्रजी कागदपत्रे सीएकडून समजून घेतो. आमचे बारा पानी इंग्रजी मात्र तो कोणालाच दाखवत नाही, शेवटच्या पानावरचा आकडा पाहतो आणि सही करतो. दोन-तीन पाने, साध्या मराठीत, तांत्रिक शब्द आहेत तसे ठेवून लिहिली तर तो ती पूर्ण वाचतो आणि प्रश्न विचारतो. मला वाटते की काही जणांना नेमके तेच नको असते. कोल्हापूर चेंबर ऑफ कॉमर्स, कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन, शिरोलीची ‘स्मॅक’, गोकुळ शिरगावची ‘गोशिमा’ या संघटनांनी आपल्या सभासदांसाठी अशा प्रस्तावाचा एक मराठी नमुना तयार करून ठेवावा, असे मी सुचवतो. नमुन्यासाठी लागेल ते साहाय्य मी विनामूल्य करीन, आणि माझ्याखेरीज आणखी दोन-तीन सल्लागारांकडून तो तपासून घ्यावा.

त्या नमुन्यात मालकीचे कलम मात्र कोणत्याही परिस्थितीत सुटू नये. डोमेन (वेबसाइटचा पत्ता), होस्टिंग (ती जिथे ठेवली जाते ती जागा), सर्च कन्सोल, अॅनालिटिक्स (भेटींची मोजणी) आणि गूगलवरची व्यवसायाची नोंद ही सर्व खाती मालकाच्या ईमेलवर असावीत आणि सल्लागार त्यांत केवळ व्यवस्थापक म्हणून जोडलेला असावा. आज अनेक ठिकाणी डोमेनच सल्लागाराच्या नावावर घेतलेले असते आणि मालकाने काम थांबवतो म्हटले की वेबसाइट बंद पडते किंवा ती सोडवून घेण्यासाठी वेगळी रक्कम मागितली जाते. काम कोणत्याही बाजूने एक महिन्याच्या लेखी सूचनेने थांबवता येईल, थांबल्यावर सात दिवसांत सर्व पासवर्ड, मजकुराच्या मूळ फाइली, काढलेले फोटो आणि आजवरचे अहवाल मालकाच्या ताब्यात दिले जातील, आणि शेवटच्या महिन्याचे बिल त्यानंतरच देय होईल, एवढे तीन ओळींत लिहिता येते.

कळावे,
आपला विश्वासू,
एक सर्च इंजिन सल्लागार
कोल्हापूर